पाणी वर येतं तिथे

"पण कावळा का शिवला नाही, बाबा?"

लखूबाबा घोंगडी पांघरून धबधब्याच्या माथ्यावर कातळावर बसले होते. धनगरवाडीतला हा म्हातारा. ज्याला कुठंच उत्तर मिळत नाही तो याच्याकडे जातो, एवढंच मला ठाऊक होतं.

मी पुन्हा विचारलं. ओरडूनच.

"ऐकू येतंय, लेका. पाण्यापेक्षा मोठ्यानं बोलायला जाऊ नकोस. दमशील."

...

काल पिराजीदादाचा दहावा झाला. माझा थोरला भाऊ. घाटात त्याची जीप दरीत गेली.

नदीकाठी पिंड ठेवला. समोरच्या बाभळीवर सहा कावळे होते. एकही खाली उतरला नाही. वहिनीनं हात जोडून सांगितलं, पोरीला शिकवीन. मी सांगितलं, आईला सांभाळीन. काका तर नाही नाही ते कबूल करत सुटले.

उन्हं डोक्यावर आली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला.

आई म्हणाली, "गवतानं माझं लेकरू सुटत नाही."

तेव्हापासून तिनं पाणीसुद्धा घेतलेलं नाही.

म्हणून सकाळी पानावर भात घेतला आणि इथं आलो. वाट अगदी सोपी. म्हाताऱ्या बायकाही चपला घालून चालल्या होत्या. माळावर रंगीत तंबू लागले होते, कुणीतरी भजी तळत होतं, पोरं हसत होती. मला त्या सगळ्यांचा राग आला.

भात कातळावर ठेवून तासभर आकाशाकडे बघत बसलो.

"इथं कावळा येत नाही," बाबा म्हणाले. "वारा टिकू देत नाही त्याला."

"मग आधी नाही सांगायचं?"

"आल्यापासून भांडतोयस. मला बोलायला मधे जागा कुठं ठेवलीस?"

मी भाताचं पान उगाच सरळ केलं.

"काय राहिलं होतं त्याचं?" बाबांनी विचारलं.

"हा धबधबा."

"बघायचा?"

"हो..."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "पिराजी जीपवाल्याचा भाऊ ना तू? तो पाच वर्षं माणसं घेऊन यायचा. इथंच बसून माझ्या चिलमीला नावं ठेवायचा. त्याचा बघायचा राहिला होय?"



"मला दाखवायचा होता," मी म्हणालो. "दर रविवारी म्हणायचा, चल. मी म्हणायचो, त्यात काय बघायचं? पाणी खालीच पडणार."

बाबा हसले नाहीत. उठले.

"काठाशी ये. पालथा पड. डोकं पुढं काढ."

मी पालथा पडलो. त्यांनी माझे दोन्ही घोटे धरले. म्हाताऱ्याची पकड लोखंडासारखी होती.

खाली दरी. तळ नाहीच, नुसतं धुकं. पाणी माझ्या कानाजवळून त्यात उडी घेत होतं.

मग दरीतून वारा आला.

पडणारं पाणी मधेच अडलं. क्षणभर तसंच लटकलं. आणि उलटलं... अख्खा धबधबा वर चढू लागला. पांढरा, फुटलेला, उन्हात चमकणारा. ज्या कड्यावरून पडला होता त्याच कड्यावर परत आला. माझ्या तोंडावर, छातीवर, पाठीवर आला. डोळे मिटायचं सुचलं नाही. माळावरची पोरंसुद्धा गप्प झाली होती.

किती वेळ गेला ठाऊक नाही. एवढा वेळ मी आयुष्यात कधी गप्प राहिलो नव्हतो.

बाबांनी घोटे धरून मला मागं ओढलं.

कातळावर भात तसाच होता. भिजलेला.

"कावळा नाहीच आला, बाबा. आता आईला काय सांगू?"

मी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसायला गेलो. त्यांनी माझा हात धरला.

"पुसू नकोस. त्याला दाखवायचं होतं ते तुझ्या अंगावर आहे. असाच जा तिच्यापाशी."