पानावरून उठणारी सवाष्ण

श्रावणातल्या शुक्रवारी सवाष्ण जेवू घालीन, असं व्रत मी एकदा धरलं होतं. त्या वर्षी सुमित्रा आली. वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेल्यांचं सारं काही करणारी. जेवण आमच्या गुरू अंबूमाईंच्या मठीत होतं.

हळदीकुंकू लावून घेता घेताच ती माईंना विचारत होती,

"...मग घरी गेल्यावरच का आटतं सगळं, माई?"

"काय आटतं?"

"माया. तिथे कुणी अंगावर थुंकलं तरी मी हसते. आजोबांना राजा म्हणते, आजींना सोन्या. एकदा आवाज चढवला असेल तर विचारा कुणालाही! आणि घरी लेक नुसती 'आई' म्हणाली तरी नको होतं."

"लेक काय म्हणते?"

सुमित्रा पानावर येऊन बसली.

"जुई? परवा म्हणाली... आई, मी आजारी पडू का?"

मी पानात गरम पुरणपोळी वाढली.

सुमित्रा लगेच उठली. "तूप मी वाढते, ताई."

"बस," माई म्हणाल्या.

बसली. दोन घास झाले नाहीत तोच तांब्या घेऊन पुन्हा उभी. "माईंचं भांडं रिकामं आहे."

"अगं, आज तू लक्ष्मी आहेस. लक्ष्मी कधी पाणी वाढत हिंडते का?"

मग माईंनी तिच्याच पानातला एक घास उचलून तिच्या तोंडापुढे धरला.

सुमित्रा मागे सरली. भरवायच्या सवयीनं तिचा तळहात मात्र माईंच्या हनुवटीखाली गेला, सांडलेलं झेलायला.

"मी खाते ना माझी," ती म्हणाली.

"घरीही असंच म्हणतेस?"

"जुई ताट वाढते कधी कधी. मी म्हणते, झाकून ठेव, घेईन माझी मी. तिला कशाला त्रास..."

माईंनी घास खाली ठेवला. दोन्ही हात मांडीत घेतले आणि माझ्याकडे पाहिलं.

"मला भूक लागलीय गं. भरव."

मी भरवलं. माई पोरासारख्या खात होत्या. तूप हनुवटीवर ओघळलं, त्यांनी पुसलं नाही. मीच पदरानं टिपलं.

सुमित्रा बघत राहिली... पान तसंच.

"माई, मी विचारलं होतं, माया घरीच का आटते?"

"ऐकलं की. आज घरी गेलीस म्हणजे लेकीसमोर तूही अशीच हात मांडीत घेऊन बस, बाळ."