तांब्यावरचं नाव

"मग तूच ओ का देत नाहीस?" बुवांनी विचारलं.

केरबा मठाच्या पायरीवर टेकला होता. दीड कोस चालून, टेकडी चढून आलेला. वय ब्याण्णव. छाती भात्यासारखी खालीवर होत होती. तरी चपला त्यानं पायरीखाली नीट जोडून ठेवल्या होत्या. जन्माची सवय.

"मला ती हाक ऐकूच येत नाही, बुवा."

"कान गेले?"

"कान जातायत कशाला! कासारआळीत दहा हातोड्या चालू असल्या, तरी कुठली कुणाची ते बसल्या जागी सांगतो अजून. पण ती हाक तेवढी... नाही येत."

बुवा दोन्ही डोळ्यांनी आंधळे. मठात एकटेच राहायचे. त्यांचं वय गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. केरबा लंगोटीत होता तेव्हाही ते असेच होते म्हणतात. ब्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्याला ते 'पोरा' म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याला त्याचं हसू यायचं नाही.

"पहिल्यापासून सांग, पोरा."

केरबानं सांगितलं ते असं.

गेल्या वर्षी दिवेलागणीला थोरला मुलगा वामन ओसरीवर बसला होता. एकाएकी दाराकडं मान वळवून तो "ओ" म्हणाला. दारात कुणी नव्हतं. केरबानं विचारलं, "कुणाला ओ दिलीस रे?" तर म्हणाला, "कुणीतरी हाक मारली, नाना. नाव काही ओळखीचं नव्हतं. पण आपल्याच घरातल्या कुणाचं तरी वाटलं. म्हणून दिली."

आठव्या दिवशी वामन गेला. बासष्ट वर्षांचा, धडधाकट माणूस.

आता धाकटा रंगनाथ तापानं अंथरुणाला खिळलेला. चार दिवस झाले, घरोघर दिवे लागायला लागले की तो उशीवरून मान उचलतो. "नाना, दारात कोण बोलावतंय बघा हो." आणि ओठ उघडतो. केरबा झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवतो. पुरता काळोख पडेपर्यंत काढत नाही.

"आज सुनेला बसवून आलोय," केरबा म्हणाला. "तिचा हात लहान आहे, बुवा."

केरबानं कपाळावरचा घाम पुसला.

"कुणाला बोलावतायत ते मला कळलंय. मलाच."

"कशावरून?"

"माझ्या आधीची तीन पोरं पाळण्यातच गेली. म्हणून मी झाल्यावर आईनं मला उकिरड्यावर लोळवला अन् केरबा म्हणाली. केर कोण उचलून नेतंय! पण बारशाला ठकूआत्यानं माझ्या कानात खरं नाव सांगितलं होतं. ते पुन्हा कुणी तोंडातून काढायचं नाही, अशी आण घातलेली. आई गेली, आत्या गेली. आता ते नाव कुणालाच ठाऊक नाही. मलासुद्धा नाही. तो न्यायला येणारा दारात येतो, त्या नावानं हाक मारतो. मला कळत नाही, मी ओ देत नाही. मग जो देईल त्याला..."



तो ताठ झाला. "तसा ब्याण्णव वर्षं फसवला मी त्याला. आणि बसून नाही काढली. नवव्या वर्षी दुकानात बसलो. माझ्या हातचं नाव ज्याच्या भांड्यावर नाही असं गावात घर दाखवा. लग्नातले हंडे, देवळातल्या समया, मेलेल्यांच्या नावानं दिलेली ताटं. दोन मुलं, तीन मुली, सगळ्यांची लग्नं याच हातोडीवर केली. बायकोचं तेरावं झालं अन् चौदाव्या दिवशी दुकान उघडलं. एक अक्षर कधी चुकलो नाही."

"आणि तुझ्या घरच्या भांड्यांवर?"

"बायकोचं आहे. पोरांची आहेत."

"तुझं?"

"माझं काय घालू? केर?"

बुवा हसले. आवाज मात्र आला नाही.

"माझं नाव द्या, बुवा. ठकूआत्या इथं यायची, तुम्हाला ठाऊक असणार. नाव कळलं की हाकही कळेल. मग मीच ओ देईन. रंगनाथच्या आधी."

बुवा उठले. न चाचपडता आत गेले आणि एक पितळी तांब्या घेऊन आले. केरबाच्या हातात दिला.

केरबाचं बोट काठाखालून फिरलं आणि थांबलं. तिथं तीन खोल ठिपके होते. नाव संपलं की तो असे तीन ठिपके ठोकायचा. ती त्याची खूण.

"हे तर माझं काम!"

"अठरा वर्षांचा होतास. ठकू हा तांब्या तुझ्याकडं घेऊन आली. चिठ्ठी दिली. म्हणाली, एवढं नाव घाल, मठात द्यायचाय. तुझंच नाव ते; आण होती, म्हणून तोंडानं मलाही सांगितलं नाही. तू विचारलंस का तिला, कुणाचं म्हणून?"

"आमच्यात विचारत नाहीत." केरबानं पुन्हा ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "कुणाचं नाव, कशापायी, ते गिऱ्हाइकाला विचारायचं नसतं. चिठ्ठी बघायची, नाव घालायचं, चिठ्ठी शेगडीत टाकायची. हजारो घातली. एक लक्षात ठेवलं नाही."

त्यानं तांब्या मावळतीच्या उजेडात धरला. तीन ठिपके होते. त्यांच्या अलीकडं काहीच नव्हतं. गुळगुळीत पितळ, आणि त्यात त्याचा स्वतःचा लांबुळका, वाकडा चेहरा.

"नाव कुठाय?"

"रोज सकाळी राखेनं घासतो. चौऱ्याहत्तर वर्षं झाली."

"घासून टाकलंत? माझं नाव?"

"तांब्या घासावाच लागतो, पोरा."

"तुम्हाला तरी आठवत असेल! बोटाला लागलं असेल की!"

"लागायचं. पण मला कुठं अक्षर येतं?"

केरबा तांब्या मांडीवर घेऊन बसून राहिला. सूर्य बुडाला होता. इथून घर दीड कोस. दिवे लागायच्या आत काही तो पोचणार नव्हता.

"तिचा हात लहान आहे..." तो पुटपुटला.

"पोरा, तुझी बायको तुला काय नावानं हाक मारायची?"

"नावानं?" केरबाला एवढ्यातही नवल वाटलं. "नवऱ्याचं नाव कोण घेतं, बुवा? 'अहो'सुद्धा कधी म्हणाली नाही. माजघरातून नुसत्या बांगड्या वाजवायची."

"आणि तू?"

"मी ओ द्यायचो."

"किती वर्षं?"

"एकावन्न."

"कुणाला बोलावलं, ते तिला कधी विचारलंस?"



खाली गावात एक दिवा लागला. मग दुसरा. मठापुढच्या पिंपळाची पानं सळसळत होती ती एकाएकी थांबली. रातकिडे ओरडत होते तेही थांबले. बुवांनी मान कलती केली.

"ऐकलंस?"

केरबानं जिवाचा कान केला. काही नव्हतं. वारासुद्धा नव्हता.

"नाही, बुवा."



केरबा गुडघ्यावर हात देऊन उभा राहिला. गावाकडं तोंड केलं. दुकानात हातोडी खाली ठेवून माजघराकडं वळावं तशी त्यानं मान जराशी वळवली, आणि घाई न करता म्हणाला,

"ओ."

...

काही झालं नाही. मग खाली, गावात शिरायच्या वाटेवर, धुळीचा एक लहानसा लोट उठला. तो वेशीपाशी थबकला. मागं फिरला. आणि टेकडीची वाट चढू लागला. पिंपळाचं पान हलत नव्हतं.

बुवांनी त्याच्या हातून तांब्या घेतला, रांजणातून भरला आणि पुढं केला.

"पाणी पिऊन घे."

केरबा प्यायला. एका दमात सगळं प्यायला. तोंड पुसलं, तांब्या पायरीवर पालथा घातला, आणि पायानंच पायरीखालच्या चपला चाचपडू लागला.

"त्या राहू देत, पोरा," बुवा म्हणाले.