ताशी साडेतीनशे

गाड्या आपसांत गप्पा मारत, तेव्हाची गोष्ट. हुसेन मिस्त्रींच्या गॅरेजात रोज सकाळी एकच विषय निघायचा, इटलीहून येणारी नवी गाडी.

"पेट्रोलचं इंजिन आणि वर विजेची मोटर," मोटारसायकल सांगायची. "एक दमलं की दुसरी ओढते. ताशी साडेतीनशे!"

"साडेतीनशे!" स्कूटर हरखून जायची. तिला स्वतःला तिरकं केल्याशिवाय किक लागत नसे.

कोपऱ्यातला तीनचाकी टेम्पो मात्र भाजी बाजारात पोचवून यायचा आणि सावलीत गप्प उभा राहायचा.

"टेम्पोबा, तुम्ही आता भंगारात जा बघू," एकदा मोटारसायकल मोठ्या अदबीनं म्हणाली. "पाहुणी आली की तिला हीच जागा लागेल."

त्या रात्री टेम्पोचं तेल जरा जास्तच गळलं.

अखेर पाहुणी आली. लालभडक, चकचकीत, जमिनीला टेकलेली. वेशीवरच्या पहिल्याच गतिरोधकावर तिचं पोट अडकलं. खाली काहीतरी कडकन मोडलं. इंजिन गप्प झालं, मोटरही गप्प झाली. मिस्त्रींनी टेम्पोला दोर बांधला. टेम्पो खोकला, त्यानं काळा धूर सोडला आणि पाहुणीला ओढत गॅरेजापर्यंत आणलं.

दारातच सगळ्यांनी त्याला गराडा घातला. "तुम्ही तर तिच्याबरोबर आलात! खरं सांगा, किती पळते हो ती?"

टेम्पोनं थोडा विचार केला.

"माझ्याएवढीच," तो म्हणाला, आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.