मांडीखाली दाबलेला हात

एकदा एका विणकराने भर सभेत शेजारच्या वृद्धापुढे हात केला, आणि त्या वृद्धाने आपला हात चटकन मांडीखाली दाबून धरला. गोष्ट एवढीच आहे. पण आधी त्या सभेची रीत सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, यात काय एवढे मोठे?

ही सभा क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची, इंग्लंडातल्या एका लहान गावातली, फार जुन्या काळची. त्यांच्या उपासनेला पुरोहित नाही, मूर्ती नाही, गायन नाही. सगळ्यांनी बाकांवर गप्प बसायचे. ज्याच्या अंतरात खरोखर काही उमटेल त्याने उठून दोन शब्द बोलायचे आणि पुन्हा बसायचे. धनी असो की न्यायाधीश, सर्वांना ‘तू’च म्हणायचे, कारण ईश्वरापुढे सगळे सारखे. आणि सभेतला वृद्ध शेजाऱ्याशी हात मिळवी, तेव्हा सभा संपली असे समजून सगळे उठत. राजाला हे मौन फार खुपत होते. आता गप्प बसणाऱ्यांचे कसले आले भय, पण राजांचे असेच असते. अशा सभेत जो तिसऱ्यांदा सापडेल त्याला जहाजात घालून समुद्रापार पाठवायचे, असा कायदाच झाला होता.

विणकर जोसाया याआधी दोनदा सापडला होता. घरी त्याची बायको रूथ होती, आणि तिला दिवस गेले होते.

त्या सकाळी दार नेहमीप्रमाणे उघडे होते. चोरून उपासना करायची नाही, हाही त्यांचा नेमच. मौन चांगले स्थिरावले असताना जोसायाला पुलावरून घोड्यांच्या टापा ऐकू आल्या. टापा सगळ्यांनीच ऐकल्या होत्या, पण कुणी जागचे हलेना. शेजारी सभा संपवणारा तो वृद्ध बसला होता, ज्याच्यापाशी जोसाया हे मौन शिकला होता. जोसायाने त्याच्यापुढे हात केला. याने हात मिळवला की सभा संपेल, मागच्या शेतातून सगळे पांगतील, आणि शिपायांना रिकामे बाक सापडतील, असा त्याचा हिशेब.

वृद्धाने त्या हाताकडे पाहिले आणि आपला उजवा हात मांडीखाली सारला.

टापा दाराशी थांबल्या. कप्तान आत आला. “इथे प्रवचन कोण करतो?”

“कुणीच नाही,” वृद्ध म्हणाला. “जागा आहे, तूही बस.”

कप्तानाला त्या ‘तू’चाच राग अधिक आला. त्याने सगळ्यांना बांधून नेले.

कोठडीत जोसायाचा धीर सुटला. “तू हात का दिला नाहीस? आता मला जहाजावर घालतील. माझे मूल जन्मेल आणि त्याला बाप दिसणार नाही. एक हात मिळवला असतास, तर आत्ता सगळे घरी असते.”

वृद्ध म्हणाला, “जोसाया, दार उघडे होते. तू उठून गेला असतास, तर तुला कुणी बोल लावला नसता. मीही नाही. पण तुला एकट्याने जायचे नव्हते. सगळी सभा उठावी आणि तिच्यात आपले उठणे झाकले जावे, असे तुला वाटत होते. भीती तुझी, आणि नाव सभेचे. ते मी कसे होऊ देऊ?”

“आणि मला शूर समजू नकोस,” वृद्ध पुढे म्हणाला. “माझा हात तुझ्या हाताकडे निघालाच होता. म्हणून तर दाबून धरावा लागला. उद्या न्यायाधीश म्हणेल, पुन्हा सभेला जाणार नाही असे सांग आणि सूट. सुटायचे असेल तर खुशाल सूट. रूथ आहे, मूल आहे. फक्त जे करशील ते स्वतःच्या नावाने कर.”

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशाने खरोखर तेच विचारले. जोसाया समोरचा कठडा धरून उभा होता.

“मला भीती वाटते,” तो म्हणाला. “जहाजाची वाटते. बायकोला सोडून जायची त्याहून वाटते. पण तू मला सोडलेस, तर पुढच्या सभेला मी जाईन.”

त्याला शिक्षा झाली. मागे गर्दीत रूथ उभी होती. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या तोंडून ‘मला भीती वाटते’ हे शब्द तिने पहिल्यांदाच ऐकले होते. ती गर्दीतून वाट काढत पुढे आली आणि बेलिफाला विचारू लागली, त्या जहाजावर बायकांना घेतात का.

आपणही घाबरतो. फक्त तेव्हा आपण म्हणतो, घरच्यांना ते पटणार नाही.