भरल्या ताटावरचे अग्निपंख

एका तळ्यावर एक नावाडी होता. तळं इतकं मोठं, की या काठावर उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसत नसे. थंडी पडली की तिथे दूरदूरच्या मुलखांतून पक्षी उतरत, आणि पक्षी उतरले की त्यांना बघायला शहरातली माणसं उतरत. पक्षी पाण्यात मुक्काम करीत, माणसं काठावरच्या घरांत. दोघांचीही सरबराई तळंच करी.

या सगळ्या पाहुण्यांत मान अग्निपंखांचा. काडीसारखे उंच पाय, लांब मान आणि वाकडी चोच. चिखलात उभे असले की पांढरट गुलाबी, तसे साधेच दिसतात. पण पंख उघडले की आतला लालभडक रंग बाहेर पडतो आणि बघणाऱ्याच्या तोंडून आपोआप ‘अगं बाई!’ निघतं.

आता पक्षी काही आपण म्हणू तेव्हा उडत नाहीत. इतर नावाडी लांब होडी थांबवून गप्प बसत. उडाले तर उडाले, नाहीतर परत. आपला नावाडी मात्र भलताच हुशार. त्याची होडी होती पत्र्याची. थव्याजवळ गेलं की तो वल्हं उचलायचा आणि होडीच्या काठावर दाणकन हाणायचा. सगळा थवा आभाळात! पाहुणे टाळ्या पिटायचे, फोटो काढायचे. ‘उडवणारा नावाडी’ असं त्याचं नावच पडलं होतं आणि खोटं कशाला बोला, त्याला ते आवडत होतं. माणूस वाईट नव्हता. आलेला पाहुणा हिरमुसून जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात असे.

त्याचा स्वतःचा एक कडक नियम होता. दुपारी बाभळीखाली तो भाकरीचं फडकं सोडून बसला, की त्याला कुणी हाक मारायची नाही. मग पाहुणा कितीही मोठा असो. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

एका दुपारी एक आजी आपल्या लेकीबरोबर काठावर आली. दोघी आठ दिवसांच्या मुक्कामाला आल्या होत्या. लेकीला घाई फार. ती बाभळीपाशी येऊन म्हणाली, “दादा, चला ना लवकर. भाकरी काय, परत येऊन खाल.”

नावाड्याने मानसुद्धा वर केली नाही. “ताई, भरल्या ताटावरून उठवता व्हय माणसाला? वैऱ्याला बी कुणी उठवत न्हाई.”

लेक ओशाळली. आजी मात्र खुदकन हसली. “बरोबर बोलतोय तो. जेव रे बाबा सावकाश.” आणि त्याच्यासमोर दगडावर बसून ती पदराने त्याच्या भाकरीवरच्या माश्या हाकलत राहिली. नावाड्याला त्या क्षणी ती आपल्या घरातलीच वाटली.

होडी पाण्यात निघाली तेव्हा आजीने आपलं गुपित सांगितलं. “मी आठ वर्षांची होते. चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ करत होते. बाहेरून भाऊ ओरडला, ‘ताई, वर बघ, वर बघ!’ मी धावत अंगणात येईपर्यंत थवा निघून गेला होता. भाऊ आठवडाभर त्या लाल पंखांचंच बोलत होता. आता भाऊ नाही राहिला. आणि माझे डोळेही चाललेत. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षापर्यंत नजर टिकेल असं काही सांगता येत नाही.”

नावाड्याने वल्हं जोरात मारलं. तो म्हणाला, “आज्जी, तुमाला न्हाई दावलं तर मग कुणाला? आजच दावतो.”

पण त्या दिवशी भलतंच झालं. होडी अजून पुष्कळ लांब असतानाच अग्निपंखांनी माना वर केल्या आणि पाठ फिरवून ते चिखलातून पुढे पुढे चालू लागले. नावाड्याने जोर केला, ते आणखी पुढे गेले. त्याच वेळी पलीकडे एका म्हाताऱ्या नावाड्याची लाकडी होडी थव्याच्या इतकी जवळ उभी होती, की पक्ष्यांशी हळू आवाजात बोलता आलं असतं. तिच्याकडे एकही पक्षी ढुंकूनही बघत नव्हता.

नावाड्याला उमगलं. पक्षी माणसाला भीत नव्हते. ते त्याला भीत होते. त्याची पत्र्याची होडी त्यांनी ओळखून ठेवली होती.

त्याला फार वाईट वाटलं. पण आजीला तर दाखवायचं होतं. इथून जवळचं काही दिसणार नाही, निदान आभाळात लाल रेघ तरी दिसेल, असा विचार करून त्याने वल्हं उचललं. लेकीने मोबाईल सरसावला. “हं, दादा, उडवा!”

“थांब रे जरा,” आजी म्हणाली. “मला इथून नुसतं गुलाबी गुलाबी दिसतंय. काय करतायत ते आत्ता?”

“काय न्हाई. लांब जाऊन परत चिखलात चोची घालून खात्यात.”

“जेवतायत?”

“व्हय.”

“मग राहू दे,” आजी म्हणाली.

नावाडी वल्हं उचलून तसाच उभा राहिला. घटकाभरापूर्वी बाभळीखाली आपण काय बोललो ते त्याला आठवलं, आणि कानशिलं गरम झाली. किती दिवस, किती वेळा त्याने या पाहुण्यांना ताटावरून उठवलं होतं! त्यांची मुलंबाळंही थव्यात होती, राखी पिसांची, पहिल्यांदाच एवढ्या लांब उडून आलेली.

“आई, अगं यासाठीच तर आलो ना आपण?” लेक चिडून म्हणाली.

“उपाशी उठवून बघितलेलं मला गोड लागायचं नाही, बाळा. नाही दिसलं तर नाही दिसलं.” हे म्हणताना आजी डोळ्यांवर हात धरून त्या गुलाबीकडेच बघत होती. तिला खरंच फार बघायचं होतं.

नावाड्याने वल्हं होडीत आडवं ठेवलं. तो म्हणाला, “आज्जी, अजून सात दिवस हायती तुमचे. रोज या. दाखवीन असा शब्द देत न्हाई. पर रोज या.”

दुसऱ्या दिवसापासून त्याने होडीच्या काठाला जुन्या गोधडीच्या पट्ट्या गुंडाळल्या, म्हणजे चुकूनसुद्धा आवाज नको. थव्यापासून लांब होडी उभी करायची आणि बांबू चिखलात रोवून गप्प बसायचं. भाकरीही तो आता होडीतच खाऊ लागला. ‘उडवून दाखवा’ म्हणत येणाऱ्यांना तो दुसऱ्या होड्यांकडे पाठवू लागला. इतर नावाडी हसायचे. “का रं, हात मोडला का?” तोही हसायचा आणि होडी पाण्यात ढकलायचा.

आजी रोज विचारायची, “आता काय करतायत?” मग त्याला बघून सांगावं लागे. उडवणाऱ्याने आजवर पक्षी उडतानाच पाहिले होते. ते पायांनी चिखल घुसळत गोल गोल फिरतात, चोच उलटी धरून पाणी गाळतात, एखादं पिल्लू मागे राहिलं की मोठा पक्षी थांबून मागे बघतो, हे त्याला आत्ता कळत होतं. सांगता सांगता तोच रंगून जायचा. लेकीचा मोबाईल तिसऱ्या दिवशी पर्समध्ये गेला, आणि पाचव्या दिवशी तीच आईला सांगू लागली, “ते पिल्लू आज पुढे आलंय बघ.”

थवा रोज थोडा थोडा जवळ येत होता. पण दिवसही संपत होते.

आठव्या दिवशी वारा पडला होता. पक्षी चरत चरत होडीच्या दोन्ही बाजूंनी आले. इतके जवळ, की चोचींतून पाणी गाळल्याचा चुळचुळ आवाज ऐकू येत होता. आजीने श्वास रोखून धरला. एवढ्यात पश्चिमेकडून वाऱ्याची झुळूक आली. नावाड्याचे डोळे चमकले, कारण पक्षी उठतात ते वाऱ्याकडे तोंड करून. त्याने अलगद बांबू टेकवत होडी पश्चिमेच्या अंगाला सरकवली.

पोटं भरली असावीत. एकाने मान वर केली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. पाण्यावर पायांची टपटप झाली आणि सगळा थवा आपणहून उठला. होडीच्या थेट वरून गेला. आजीच्या डोक्यावरचं आभाळ क्षणभर लाल झालं.

लेक रडत होती. नावाडी आजीजवळ वाकला. त्याने हळूच विचारलं, “दिसलं का, आज्जी?”

आजीने दोन्ही हात वर धरले होते. ती म्हणाली, “आले रे. आणि या खेपेला मी अंगणात होते.”

पुढच्या हिवाळ्यात आजी आली नाही. लेक आली, आणि म्हणाली की आईला आता दिसत नाही, पण ती रोज एकदा तरी ते लाल आभाळ सांगते. नावाड्याने तिला हात देऊन होडीत बसवलं. गोधडीच्या पट्ट्या त्याच्या होडीला अजूनही आहेत. नवा पाहुणा घाई करू लागला, की तो एवढंच म्हणतो, “बसा वाईच. जेवत्यात.”

आता तात्पर्य विचाराल तर: ज्याला बघायला आपण जातो, त्याचं सुख आधी सांभाळावं. ताटावरून उठवलेल्याची फक्त पाठ दिसते. पोटभर जेवलेला आपणहून पंख उघडतो.