दाण्याचा मालक

ठण्... ठण्... ठण्...
चर्चची घंटा. फार वर्षांपूर्वी ऐकलेली. अजून कानात आहे.

त्या चर्चमध्ये राहायचा एक उंदीर. एवढुसा. त्याच्याकडे होता एक शेंगदाणा.
गडगड, गडगड. दाणा घरंगळला. पायरीच्या फटीत, मातीत रुतला.
उंदीर रागावला. मिशा थरथर. पाय थपथप.

तुरुतुरु गेला कोंबडीकडे.
"कोंबडी, कोंबडी, माती उकर."
"तू कोण रे?"
"मी दाण्याचा मालक."
"मालक म्हणे! पायरीवर बकरी बसलीय. आधी ती उठू दे."

उंदीर रागावला. मिशा थरथर. पाय थपथप. तुरुतुरु गेला बकरीकडे.
"कोंबडी माती उकरेना,
माझा दाणा मिळेना.
बकरी, बकरी, पायरी सोड."
"तू कोण रे?"
"मी दाण्याचा मालक."
"असशील. मला भूक लागलीय. गाढव पाल्याची फांदी वाकवेल, मग मी उठेन."

उंदीर आणखी रागावला. मिशा थरथर. पाय थपथप. तुरुतुरु गेला गाढवाकडे.
"बकरी पायरी सोडेना,
कोंबडी माती उकरेना,
माझा दाणा मिळेना.
गाढवा, गाढवा, फांदी वाकव."
"तू कोण रे?"
"मी दाण्याचा मालक."
"मग मालक, माझ्या पायात काटा आहे. लुकसबाबा काढतील, मग वाकवेन."

लुकसबाबा चर्चची घंटा वाजवायचे. आज ते तोंड फुगवून बसले होते. शेजारी पाण्याची बादली. उंदीर तुरुतुरु त्यांच्याकडे गेला.
"गाढव फांदी वाकवेना,
बकरी पायरी सोडेना,
कोंबडी माती उकरेना,
माझा दाणा मिळेना.
बाबा, बाबा, काटा काढा."
बाबा म्हणाले, "आज पवित्र गुरुवार. प्रभू येशूने मित्रांचे पाय धुतले. म्हणून आज फादर गावकऱ्यांचे पाय धुतात. पाणी मी आणलं. पाय मी पुसले. माझेच तेवढे राहिले. ते कुणी धुवेल, मग मी उठेन."

उंदीर फार फार रागावला.
"मी मालक आहे. नोकर नाही."
थपथप. थपथप.
"बाबा काटा काढेनात,
गाढव फांदी वाकवेना,
बकरी पायरी सोडेना,
कोंबडी माती उकरेना,
माझा दाणा मिळेना."
आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नव्हतं.

उंदराने बाबांचे पाय पाहिले. चिखल होता. टाचांना भेगा होत्या.
त्याने बादलीत शेपटी बुडवली. चुबुक. एक बोट पुसलं.
चुबुक. दुसरं बोट पुसलं.
राग होता. तरी पुसलं.
चुबुक, चुबुक. पुसता पुसता रागवायचं राहूनच गेलं.

बाबांनी हळूच विचारलं, "तू कोण रे?"
उंदीर म्हणाला, "मी? मी पाय धुणारा."

बाबा उठले. बाबांनी काटा काढला.
गाढवाने फांदी वाकवली.
बकरीने पायरी सोडली.
कोंबडीने माती उकरली. खरखर, खरखर.
दाणा मिळाला. उंदराने खाल्ला. कुटुकुटु.

कोंबडी मात्र फणकारली. "माझे पाय बघ. मातीने भरले. आता हे कोण धुणार?"
उंदराने शेपटी उचलली.
तुरुतुरु बादलीकडे गेला.