तिसरी भाकरी

"मग अधिकार द्यायचा तरी कुणी, बाबा?"

सकाळपासून विश्वंभरनं हे चौथ्यांदा विचारलं.

गेनूबाबा फाट्यावरच्या दगडावर बसून वहाणेत घुसलेला काटा काढत होते. काटा निघाला. त्यांनी तो डोळ्याजवळ धरून बघितला आणि बाजूला टाकला.

"भूक लागली का रे तुला?"

"लागली."

"मग आधी जेवू..."

उद्या कानडखेडच्या सप्त्यात गेनूबाबा आपली वीणा विश्वंभरच्या गळ्यात घालून त्याला गादीचा अधिकार देणार, असं चार गावांत बोललं जात होतं. बोललं जात होतं म्हणजे विश्वंभरनंच बोलून ठेवलं होतं. बाबांनी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं.

गडी हुशार. गळा गोड. बारा वर्षं बाबांच्या मागं फिरलेला. बाबांचं जेवण झालं की त्यांच्या ताटातला शेवटचा घास तो प्रसाद म्हणून खायचा, आणि खाताना कुणी बघतंय ना, हेही बघायचा. कालच्याच कीर्तनात तो देहावर बोलला होता. "मढं काय आणि माणूस काय, मधे एका श्वासाचं अंतर. मातीच्या मडक्याला विटाळ कसला, मायबाप?" बायांनी पदर डोळ्याला लावले होते.

फाट्यावर पुढची एसटी दोन तासांनी होती. दोन्ही अंगांना नांगरून पडलेलं काळं रान. झाड नाही, टपरी नाही. ऊन असं की डांबर वहाणेला चिकटत होतं. आणि त्या उजाड रानात रस्त्याला लागून एकच दगडी खोली. खिडक्या भलत्याच उंच, छताला टेकलेल्या. पाटी नाही. दारात दोन ट्रक आणि धुराड्यातनं निघणारा चुलीचा धूर, एवढीच खूण.

अशा जागी खानावळ असेल असं कुणाच्या बापाला वाटणार नाही. पण आतून खमंग वास आला, आणि विश्वंभरचे पाय आपोआप तिकडं वळले.

आत गारवा होता. कोपऱ्यात चूल. चुलीपुढं पन्नाशीतली एक बाई भाकरी थापत होती. नाव केराबाई. थापताना सगळी खोली दणदणत होती. ट्रकवाले भिंतीकडंला बसून मुकाट्यानं जेवत होते.

मधोमध काळ्या दगडाचा एक लांबलचक ओटा. कडेनं उचललेली पाळ, एका टोकाला भोक.

"बसा बाबा," केराबाई म्हणाली. "महाराज, तुम्हीबी बसा. ओट्यावर ताटं ठेवा, गार असतंय."

विश्वंभरनं आधी बाबांचं ताट मांडलं, मग स्वतःचं. शेपूची भाजी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा. भाकरी इतकी पातळ की आरपार उजेड दिसावा.

पहिली भाकरी कधी संपली ते त्याला कळलं नाही. दुसरी आमटीत कुस्करली. घामानं कपाळ भिजलं.

"काय चव आहे बाबा! साक्षात अन्नपूर्णा. बाई, अजून एक टाका. तिसरी."

"टाकते की."

तिनं भाकरी थापली, तव्यावर भाजली, मग निखाऱ्यांपुढं शेकायला उभी केली.

विश्वंभरची नजर तोवर खाली गेली होती. खोलीची फरशी चारी बाजूंनी मधे उतरती होती. ओट्याच्या भोकाखालून एक नाली निघून भिंतीबाहेर गेली होती.

"बाई, ही खोली आधी कशाची होती? गोठा होता का?"

"गोठा कुठला? दवाखान्याची चिरफाडीची खोली. एक्सिडेंटची, विहिरीतली, फासावरची मढी इथंच यायची. नवा दवाखाना झाला तशी बंद पडली."

विश्वंभरचा घास गालात थांबला.

"आणि... हा ओटा?"

"त्योच. दुसरा कुठनं आणू? सोडा टाकून आठ दिवस घासलाय मी." ती पिठाचा हात झटकत म्हणाली. "आमचा मालक इथंच कामाला होता. तीस वर्षं. डॉक्टर दारात नाकाला रुमाल लावून उभा राहायचा आणि बोटानं दाखवायचा. कापायचं ह्यानं."

विश्वंभरनं ओट्याकडं बघितलं. मग तिच्या हातांकडं बघितलं. त्या हातांना पीठ लागलेलं होतं.

त्यानं गालातला घास ताटात काढला. शेजारचा तांब्या उचलला आणि ताटातच हात धुतला. कुस्करलेल्या भाकरीवर पाणी तरंगलं.

ट्रकवाल्यांची तोंडं चालायची थांबली.

ताटात अन्न असताना त्यावर हात धुणं म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. रांधणारीच्या तोंडावर थुंकणं परवडलं.

केराबाई उठली नाही. बसल्या जागेवरनं म्हणाली, "काय झालं, महाराज?"

"काही नाही. पोट भरलं."

"आत्ता तिसरी मागितली होती."

विश्वंभर ओले हात धोतराला पुसू लागला.

"मढ्याचं भ्या वाटलं, का माझं?"

विश्वंभरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आणि वाईट हे, की जिभेवर अजून आमटीची चव होती. जीभ अजून मागत होती.

"तसं नाही, बाई... ही जागा अपवित्र..."

"जागा म्हणता व्हय?" ती हसली, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "जागेकडंच बघितलं असतं तर चाललं असतं, पण तुम्ही हाताकडं बघितलंत. बघणारे ओळखू येतात मला. जलम गेला. टपरीवर आमच्या मालकाची कपबशी वेगळी, खुंटीला टांगलेली. ज्यांची मढी त्यानं आंघोळ घालून दिली, त्यांच्याच भाऊबंदांनी टांगलेली. सुरी लावायच्या आधी दर मढ्याच्या कपाळाला हात लावून माफी मागायचा तो. जित्या माणसांनी त्याची कधी मागितली नाही. तो गेल्यावर गावात खानावळीला जागा मागितली, कुणी देईना. ही खोली कुणालाच नको होती. म्हणून मला मिळाली."

विश्वंभर खाली बघत राहिला. खाली तीच नाली होती.

तेवढ्यात गेनूबाबांनी स्वतःचं रिकामं ताट सरकवलं आणि विश्वंभरचं ताट पुढं ओढलं.

"बाबा! उष्टं आहे ते!"

बाबांनी पाण्यातली भाकरी बोटांनी गोळा केली.

"हात धुतलाय मी त्यात!"

"बघितलं मी."

"तुमचं उष्टं मी खायचं, बाबा... मी शिष्य..."

बाबांनी घास तोंडात घातला. दात नव्हते, म्हणून वेळ लागला. विश्वंभरनं बाहेर काढलेला घासही त्यांनी सोडला नाही.

"बाबा, नका," केराबाई चुलीपासून उठून आली. "दुसरं गरम वाढते. का असं करताय?"

"राहू दे, माय. हे माझ्याच वाटणीचं आहे."

ते खात राहिले. विश्वंभरला वाटलं, ह्यापेक्षा बाबांनी वहाण काढून चारचौघांत हाणली असती तर बरं. मार खाल्लेला माणूस निदान रडू तरी शकतो.

त्याला कालचं कीर्तन आठवलं. मातीच्या मडक्याला विटाळ कसला, मायबाप... आपलाच गोड आवाज कानात वाजला. ओट्याचं तर निमित्त होतं. ओट्याआधी, दारातनं आत येतानाच, बाईच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याकडं, तिच्या बोलण्याकडं बघून त्यानं मनात जातीचा एक हिशेब केला होता. भूक मोठी होती म्हणून गिळला होता. मग दगड सापडला आणि त्याला बरंच वाटलं होतं. बरं वाटलं होतं, हे आता त्याला सोसेना.

बाबांनी ताट पुसून घेतलं. एक कण राहिला नाही.

विश्वंभरनं दोन्ही ताटं उचलली आणि तो नालीकडं निघाला.

केराबाईनं त्याच्या हातातनं ती हिसकावून घेतली.

"ठेवा. इथं ताटं मी घासते."

"बाई, मला घासू द्या. माझं चुकलं..."

"चुकलं ना? मग ते घेऊन बसा. ताट घासलं की झालं मोकळं, व्हय? येवढं सोपं नाही ते. माझ्या भांड्यावर तुमचं पाप घासू नका."

तिनं ताटं बादलीत टाकली. विश्वंभर रिकाम्या हातांनी मधोमध उभा राहिला. हात कुठं ठेवावेत, हे त्याला कळेना. ओट्यावर ठेवायची हिंमत होईना, आणि न ठेवावेत तर तेही आता सगळ्यांना दिसणार.

मग तो गुडघे मोडून बाबांसमोर बसला.

"बाबा, उद्या ती वीणा माझ्या गळ्यात घालू नका. माझी लायकी नाही."

बाबांनी खांद्यावरचा पंचा काढला.

"मी लोकांना सांगून ठेवलंय. मीच जाऊन सांगतो, की मी खोटं बोललो."

बाबांनी पंच्यानं तोंड पुसलं.

बाहेर हॉर्न वाजला. कानडखेडची एसटी वेळेआधीच आली होती. एक ट्रकवाला दारातनं ओरडला, "बाबा, गाडी! ही चुकली तर उद्याच!"

विश्वंभरनं गाडीकडं बघितलं. मग चुलीकडं. केराबाई पाठमोरी होती, ताटं घासत होती. मागं वळून बघायची तिला काही गरज नव्हती.

"बाबा, बारा वर्षं तुमच्या मागं फिरलो. मग मी आता करू तरी काय?"

गेनूबाबांनी नाक वर करून वास घेतला.

"तू मागितलेली भाकरी करपायला लागली बघ."